कॉम्प्युटरची किल्ली कुणाच्या कमरेला?

घराची किल्ली हरवली तर आपण शेजारी ठेवलेली दुसरी मागून आणतो. पण घरातल्या कॉम्प्युटरनंच दार लावून घेतलं तर? दिवाळीच्या तोंडावर माझ्यावर हा प्रसंग आला.

रात्री त्याचं ते अपडेट का काय झालं आणि सकाळी पडद्यावर संदेश, की तुमचा पिन आता चालणार नाही, पासवर्ड द्या. दोन वर्षं आम्ही चार आकड्यांचा पिनच दाबत आलेलो. पासवर्ड कुणाला आठवतोय! आत काय होतं? शाळेतल्या मुलांचे सहामाहीचे गुण होते, ते पुन्हा उतरवता आले असते. पण सासूबाईंच्या शेजारी बसून त्यांच्याच शब्दांत टाइप केलेल्या सगळ्या पाककृतीही त्यातच होत्या. गेल्या वर्षी सासूबाई गेल्या.

दुरुस्तीवाला म्हणाला, "ताई, फॉरमॅट मारून देतो, अर्ध्या तासाचं काम." मी जवळजवळ हो म्हणणार होते! फॉरमॅट म्हणजे घर उघडायला आतलं सामान जाळून टाकणं. आतलं हवं असेल तर आधी "नको" म्हणा.

पुष्कळदा घोटाळा साधाच असतो. कॅप्स लॉक चालू राहिलेलं असतं, नाहीतर आकड्यांचं नम लॉक बंद. माझ्यासारख्या मराठी प्रश्नपत्रिका टाइप करणाऱ्यांची आणखी एक गंमत, कीबोर्ड मराठीवरच राहतो. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात भाषा दिसते. विंडोजचं बटण आणि स्पेस एकदम दाबलं की बदलते. पासवर्डच्या चौकटीतल्या डोळ्याच्या चित्रावर दाबलं तर आपण काय लिहिलं तेही दिसतं. पिन बराच वेळा चुकला तर ए१बी२सी३ टाइप करायला सांगतात. तो पासवर्ड नव्हे हो! कुणी उगाच बटणं दाबत नाही ना, एवढंच त्याला पाहायचं असतं.

माझं यातलं काहीच नव्हतं. मग खालचं "पासवर्ड विसरलात?" दाबलं. खातं ई-मेलवर उघडलेलं असेल तर तिथून, किंवा मोबाइलवर मायक्रोसॉफ्टच्या खात्याच्या पानावरून, नवा पासवर्ड करता येतो. त्यासाठी एक कोड येतो. तो कुठे येणार, तर यांच्या जुन्या नंबरावर! नोकरी बदलताना यांनी तो कधीच बंद केलेला, आणि हे स्वतः जामनगरला. फोन केला तर म्हणाले, "अगं, मी आल्यावर बघतो." घर मी चालवायचं, कॉम्प्युटर मी वापरायचा आणि त्याची किल्ली मात्र बंद पडलेल्या सिमकार्डात!

नशिबाने खरेदीच्या वेळी दुकानदाराने दुसरा पत्ता म्हणून माझा ई-मेल घातला होता. कोड तिथे मागवला आणि नवा पासवर्ड केला, तरी कॉम्प्युटर ऐकेना. का, तर वायफाय बंद! इंटरनेट जोडल्याशिवाय नवा पासवर्ड त्याला कळतच नाही. जोडलं आणि दार उघडलं.

तो पत्ताही नसता तर? नंबर आणि पत्ते सगळेच बदलायचे म्हटले तर ३० दिवस थांबावं लागतं, तेही पासवर्ड आठवत असेल तर. ई-मेलशिवाय उघडलेल्या खात्याची तऱ्हा वेगळी. तिथे पासवर्ड चुकला की आधी ठरवलेले तीन प्रश्न विचारतात. उत्तरं तेव्हा जशी लिहिली, तशीच लागतात.

त्याच दुपारी खात्यात माझा नंबर घातला आणि माझ्या नावाचं वेगळं खातं उघडलं, पूर्ण अधिकारांचं. पुष्कळ नव्या कॉम्प्युटरांत डिस्कलाही कुलूप असतं. मोठी दुरुस्ती झाली की ते ४८ आकड्यांची किल्ली मागतं. ती ई-मेलच्या खात्यात सापडते. मी ती वहीत उतरवून रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवली. पाककृती पेनड्राइव्हवर घेतल्या त्या निराळ्याच.

संध्याकाळी यांचा फोन आला तेव्हा मी भाजणीचं पान उघडून बसले होते. तांदूळ किती, ते सासूबाईंनी "डोळ्यानं कळतं" एवढंच सांगितलेलं आहे.