विश्लेषण : रेल्वेने थरचे वाळवंट कसे फिरायचे? जैसलमेरच्या किल्ल्यात मुक्काम टाळा असे का सांगितले जाते?

दिवाळी संपली की राजस्थानकडे जाणाऱ्या गाड्यांचे आरक्षण भरू लागते. टूर कंपनीच्या नादी न लागता, पाठीवर सॅक टाकून फिरणारे तरुणही त्यात असतात. जोधपूर, बिकानेर आणि जैसलमेर ही तिन्ही वाळवंटी शहरे रेल्वेने जोडलेली आहेत, त्यामुळे टॅक्सी न करताही ही सहल होऊ शकते. शिवाय स्थानिकांशी ओळख डब्यातच होते. मात्र ज्या प्रदेशात पाणी मोजून वापरतात, तिथल्या पाहुण्यानेही काही हिशेब पाळायचे असतात.

मार्ग कसा आखायचा?

नकाशावर ही तीन शहरे म्हणजे एक त्रिकोण आहे. जोधपूरहून मेडता रोड, नागौरमार्गे बिकानेर, तिथून कोलायत, फलोदीमार्गे जैसलमेर आणि रामदेवरा, फलोदीमार्गे पुन्हा जोधपूर. त्यामुळे बहुतेक प्रवासात तोच रस्ता पुन्हा तुडवावा लागत नाही. जोधपूर ते जैसलमेर अंतर सुमारे ३०० किलोमीटर. बहुतेक गाड्या पाच ते सहा तास घेतात. मुंबईकरांसाठी वांद्रे टर्मिनसहून जोधपूरला जाणारी सूर्यनगरी एक्स्प्रेस ही जुनी, भरवशाची गाडी. सात-आठ दिवस हाताशी असतील तर तिन्ही शहरे निवांत होतात.

तिकिटाचे काय?

१ नोव्हेंबर २०२४ पासून आगाऊ आरक्षणाची मुदत १२० दिवसांवरून ६० दिवसांवर आली आहे. जुलै २०२५ पासून ऑनलाइन तत्काळ तिकिटासाठी आधार पडताळणी सक्तीची आहे. त्यामुळे मुंबई-जोधपूर हा लांबचा टप्पा आधीच पक्का करावा. वाळवंटातल्या दिवसाच्या टप्प्यांना सामान्य डब्याचे तिकीटही चालून जाते. अपवाद भाद्रपदातल्या रामदेवरा जत्रेचा. तेव्हा डब्यात पाय ठेवायला जागा नसते.

डब्यात कोण भेटते?

सीमेवर रुजू होणारे जवान, जोधपूरला शिकणारे विद्यार्थी, दवाखान्याच्या कामासाठी निघालेली कुटुंबे आणि रामदेवऱ्याचे भाविक. इथले बाबा रामदेव म्हणजे योगगुरू नव्हेत. ते मारवाडचे लोकदेवता आहेत. हिंदू त्यांना पुजतातच, मुस्लीम भाविकही ‘रामसा पीर’ म्हणून मानतात. वारीसारखेच अनेक जण शेकडो किलोमीटर चालत येतात आणि परतताना गाडी पकडतात.

डबे उघडले की बाजरीची रोटी, लसणाची चटणी, केर-सांगरीची भाजी पुढे येते. पहिल्या ‘नको’ला इथे किंमत नसते. पाहुण्याला आग्रह करकरून वाढण्याच्या या रीतीला मारवाडीत ‘मनुहार’ म्हणतात. अनोळखी माणसाकडून खाऊ नये, ही रेल्वेची सूचनाही विसरू नये. संपूर्ण कुटुंब ज्या डब्यातून खाते आहे त्यातला घास आणि एकट्या माणसाने फक्त तुमच्यापुढे केलेले बिस्कीट यातला फरक ओळखावा. सॅकमध्ये बाकरवडी किंवा चिवड्याचे पाकीट असले की परतफेडही होते. ‘खम्मा घणी’ म्हणून नमस्कार केला की अर्धी ओळख तिथेच होते.

वाटेत कुठे उतरता येईल?

फलोदीला. १९ मे २०१६ रोजी इथे ५१ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले. तो भारतातला विक्रम ठरला. हिवाळ्यात मात्र जवळच्या खिचन गावात मध्य आशिया आणि मंगोलियाकडून हजारो कुरजां पक्षी येतात. गावकरी त्यांना रोज धान्य घालतात. ही प्रथा पिढ्यान् पिढ्यांची. जून २०२५ मध्ये खिचनला रामसर दर्जा मिळाला. पाहुणचार इथे माणसांपुरता नाही, तो असा.

प्रत्येक आपुलकी खरी असते का?

नाही. जैसलमेर स्थानकाबाहेर अतिशय स्वस्तात खोली देऊ करणारे भेटतात. पुढे त्यांच्याच उंटाच्या सफारीचा तगादा सुरू होतो, नकार दिला की खोलीचे भाडे वाढते. खोली आधीच ठरवावी आणि सफारीचा निर्णय एक दिवस थांबून घ्यावा. काही गावांत पाहुण्यांना ‘अमल’, म्हणजे अफूचे पाणी, दाखवले किंवा देऊ केले जाते. ती तिथली जुनी रीत असली तरी कायद्याने गुन्हा आहे. हात जोडून नकार दिला तर कोणी रागावत नाही.

किल्ल्यात राहण्याला आक्षेप का?

रावळ जैसल यांनी ११५६ मध्ये वसवलेला हा किल्ला आजही नांदता आहे. आत हजारो लोक राहतात. सत्यजित राय यांच्या ‘सोनार केल्ला’ (१९७४) या चित्रपटानंतर बंगाली पर्यटकांची पावले इकडे वळली, मग देशी-विदेशी बॅकपॅकर आले. घरांची गेस्टहाऊस झाली.

अडचण पाण्याची आहे. जैसलमेरला वर्षाला पडणारा पाऊस जेमतेम २०० मिलिमीटरच्या घरात. मुंबईत तो याच्या दहापट होतो. पूर्वी गडीसर तलावातून डोक्यावरून घागरी किल्ल्यात यायच्या, त्यामुळे वापर मोजका होता. नळ आले, पाठोपाठ पर्यटकांसाठी शॉवर आणि फ्लशची स्वच्छतागृहे आली. गटारे मात्र एवढ्या पाण्यासाठी बांधलेली नव्हती. गळणारे पाणी टेकडीच्या मऊ खडकात आणि मातीच्या थरांत मुरते, पाया सैल होतो, तट आणि बुरूज ढासळतात. वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडाने १९९६ मध्येच हा किल्ला धोक्यातील वास्तूंच्या यादीत घेतला. २०१३ मध्ये राजस्थानच्या डोंगरी किल्ल्यांसोबत तो जागतिक वारसा यादीत आला, तरी मूळ प्रश्न सुटलेला नाही.

मग किल्ल्यातल्या लोकांनी पोट कसे भरायचे?

खरा पेच इथेच आहे. पर्यटक आले नाहीत तर आतल्या घरांचे उत्पन्न बुडते आणि आले तर ज्या टेकडीवर ती घरे उभी आहेत तीच खचते. सगळा दोष गेस्टहाऊसवाल्यांच्या माथी मारणे सोपे आहे; पण गटारांची दुरुस्ती हे एकट्या कुटुंबाचे काम नाही. तोवर मधला मार्ग पर्यटकाच्या हातात आहे.

पर्यटकाने काय करावे?

- मुक्काम किल्ल्याबाहेरच्या शहरात करावा. किल्ला तिथून पायी गाठता येतो.
- पैसे मात्र किल्ल्यात खर्च करावेत. जेवण, चहा, खरेदी आणि स्थानिक गाइड आतलाच घ्यावा.
- अंघोळ बादलीने करावी. पिण्याची बाटली पुन्हा भरून घ्यावी.
- घुंघटातल्या महिलांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नयेत.
- ऑक्टोबर ते मार्च हा काळ योग्य. डिसेंबर-जानेवारीत रात्री कडाक्याची थंडी पडते, स्लीपरच्या प्रवासात पांघरूण सोबत ठेवावे.

थरमधल्या घरांत पाहुण्यापुढे सर्वात आधी पाण्याचा लोटा येतो. तो भरायला पूर्वी किती पायपीट करावी लागे, हे गडीसरच्या काठावर उभे राहून वर किल्ल्याकडे पाहिले की कळते.