दुव्याशेजारची छबी म्हणजे संकेतस्थळाची ग्वाही नव्हे

सिकंदराबाद आणि वास्को यांना जोडणारी थेट एक्स्प्रेस ऑक्टोबर २०२४ पासून धावू लागली. तिचे आरक्षण महाजालावर शोधताना कित्येकदा संकेतस्थळांची सचित्र यादी समोर येते. दुव्याशेजारी त्या पानाची बोटभर छबी असते. ती तयार होते कशी?

त्यासाठी पानाचे चित्र टिपणाऱ्या स्वतंत्र सेवा असतात. पत्ता दिला की सेवेच्या सर्व्हरवरील ब्राउझर कोणत्याही पडद्याविना ते पान उघडतो, मजकूर व चित्रे उतरेपर्यंत थांबतो, चित्र टिपतो आणि लहान करून साठवतो. १२८० बाय ८०० पिक्सेलचे चित्र ३२० बाय २०० वर आणले, तर मूळ पिक्सेलांचा सोळावा हिस्साच उरतो. त्या सर्व्हरवर देवनागरी टंक नसेल आणि संकेतस्थळानेही तो पुरवला नसेल, तर मराठी अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन उमटतात. ‘नोटो’ किंवा ‘लोहित’सारखा मुक्त टंक बसवल्यास ही अडचण दूर होते.

मात्र दोन मर्यादा उरतातच. साठवलेली छबी पुन्हा पुन्हा वापरली जात असल्याने पान बदलले तरी ती जुनीच राहू शकते. दुसरी मर्यादा अधिक गंभीर आहे. यंत्र दिसेल ते टिपते, पानाचा मालक कोण हे तपासत नाही. त्यामुळे बनावट पानाची छबीही अस्सलासारखीच दिसते.

म्हणून तिकिटाचे पैसे भरण्यापूर्वी छबीवर विसंबू नये. आयआरसीटीसीचा अधिकृत पत्ता स्वतः टंकावा आणि तो अक्षर न् अक्षर वाचून घ्यावा.