जपानी आखाड्यातील हिंदी योगी

पेणच्या गणपतीच्या कारखान्यात आषाढाच्या सुमारास गेले असता, रंगाचा हात अद्याप न लागलेल्या पांढऱ्याशुभ्र मूर्तींच्या रांगेतही बैठी कोणती, उभी कोणती आणि लोडाला रेललेली कोणती हे नवख्या माणसालाही दारातूनच उमगते. डोळ्यांची आखणी मागाहून होते, ओळख मात्र घडणीतच झालेली असते. पेण-रोहे गाडीत मोबाईलवर बोटे आपटीत जपानी मारामारीचे खेळ खेळणाऱ्या पोरांकडे त्रासिक मुद्रेने पाहणाऱ्या वडीलधाऱ्यांना पटो वा न पटो, त्या खेळांतील योद्धेही याच दंडकाने घडलेले आहेत.

कॅपकॉम या जपानी कंपनीने 1987 साली काढलेल्या ‘स्ट्रीट फायटर’मध्ये खेळाडूच्या वाट्याला र्‍यू आणि केन हे दोघेच येत. 1991 च्या दुसऱ्या आवृत्तीत अकिरा निशितानी व अकिरा यासुदा यांच्या चमूने देशोदेशींचे आठ योद्धे उभे केले, आणि त्यांत हिंदुस्थानच्या नावे धालसिम नामक योगी दाखल झाला.

त्याचे रूप मोठे विलक्षण आहे. मुंडित मस्तक, हाडकुळा देह, गळ्यात कवट्यांची माळ, मुखातून अग्नी आणि पार्श्वभूमीला हत्ती! पाश्चात्त्य सर्कशीतील फकिराची ही जपानी नक्कल पाहून कपाळाला आठी पडणे स्वाभाविक आहे. पण मग जपानच्या पदरीही त्यांनी अगडबंब सुमो मल्लच घातला, हेही नमूद करणे न्यायाचे होईल. (या योग्याला पत्नी आहे आणि मुलाचे नाव चक्क दत्त आहे, ही खबर आमच्या दत्तभक्तांना रुचेल.) निन्टेन्डोने तर ‘पंच-आउट’ या मुष्टियुद्धाच्या खेळात ग्रेट टायगर नावाचा एक पगडीधारी मुष्टियोद्धा थेट मुंबईचा म्हणून नोंदविला, ठोसा मारण्यापूर्वी त्याच्या पगडीतील रत्न चमकते आणि तेवढ्या इशाऱ्यावर चतुर खेळाडू सावध होतो.

धालसिमचे खरे मर्म मात्र वेषात नसून हातापायांत आहे. ते रबरासारखे लांबतात, म्हणून प्रतिस्पर्ध्याला दूर थोपवून धरता येते. परंतु लांबलेला हातच प्रतिस्पर्ध्याच्या तडाख्यात सापडतो, आणि चाल संथ असल्यामुळे कोणी एकदा अंगाशी भिडला की योगिराजांची धडगत नसते. उलट रशियन मल्ल झान्गिएफ दुरून अगदीच निरुपद्रवी. जवळ आला की मात्र उचलून आपटतो. ठोशांची तीन आणि लाथांची तीन अशा सहा बटणांवर, कांडी फिरविण्याच्या ठराविक रीतीवर आणि क्षणाच्या अंशावर हा सारा व्यवहार चालतो. म्हणून योद्धा निवडणे म्हणजे स्वतःची प्रकृती ओळखणे होय. उतावळ्याने धालसिमच्या वाटेला जाऊ नये. एकामागून एक न चुकविता येणारे प्रहार गुंफण्याची जी करामत आज या खेळाचा प्राण समजली जाते, ती मूळ मसुद्यात नव्हतीच. चाचणीच्या वेळी ती योगायोगाने ध्यानात आली, आणि शहाण्या निर्मात्यांनी ती दोष म्हणून रद्द न करता तशीच राहू दिली.

हांगझाऊ येथे 2023 साली भरलेल्या आशियाई क्रीडास्पर्धांत या मालिकेतील पाचव्या खेळाला पदकाचा मान मिळाला आणि भारताचेही खेळाडू त्यात उतरले. सुवर्णपदक पटकावणारे कोरियाचे किम ग्वान-वू त्या वेळी 44 वर्षांचे होते, म्हणजे पेण-रोहे गाडीतील त्या त्रासिक वडीलधाऱ्यांच्याच वयाचे.