तुरीला फूल आलंय, अळीवर नजर ठेवा

मैत्रिणींनो, तूर फुलोऱ्यात आली की घाटेअळीचा मादी पतंग कळ्या-फुलांवर सुटी सुटी अंडी घालतो. अळी शेंगेत शिरली की फवारा तिच्यापर्यंत पोचत नाही. म्हणून आत्ताच बघा.

झाडाखाली पोतं अंथरून झाड हलकेच हलवा. पडलेल्या अळ्या वेचून साबणाच्या पाण्यात टाका. एकरी २ कामगंध सापळे लावा, काठ्यांचे पक्षीथांबे उभे करा.

बारीक अळ्यांसाठी अर्धा किलो निंबोळी पावडर रात्रभर पाण्यात भिजवा, फडक्यातून गाळा. त्यात २० ग्रॅम साबणचुरा अन् पाणी घालून १० लिटर करा. संध्याकाळी फवारा.

घरची डाळ आणि गटाच्या कर्जाचा हप्ता, दोन्ही याच शेंगांत आहेत, ताई!