निदानापूर्वीचा विचार

आपल्या छत्रपती संभाजीनगरापासून अवघ्या १५ किलोमीटरवर देवगिरीचा दुर्ग उभा आहे. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात महादेव व रामचंद्र या यादव राजांच्या काळात येथे हेमाद्रिपंडित कारभार पाहत. राज्यकारभाराच्या व्यापातून त्यांनी वाग्भटांच्या अष्टांगहृदयावर ‘आयुर्वेदरसायन’ ही टीका रचली. टीकाकाराचे काम मोठे चिकाटीचे. ‘मला कळले’ असे म्हणून त्याला पुढे सरकता येत नाही. प्रत्येक शब्दापाशी थांबून अर्थ तपासावा लागतो. रुग्णासमोर बसलेल्या वैद्याचे कामही याहून वेगळे नाही. मात्र तेवढे थांबणे आमच्याकडून नेहमी होत नाही, हे प्रांजळपणे कबूल केले पाहिजे.

काही वर्षांपूर्वीचा आमचाच अनुभव येथे नमूद करतो. साठी ओलांडलेले एक शेतकरी गृहस्थ प्रमेहासाठी आमच्याकडे येत. आधुनिक औषधे चालू होतीच. जोडीला आमची चिकित्सा. उपाशीपोटीची रक्तशर्करा १३० च्या आसपास स्थिर होती. पावसाळ्यात कास झाला म्हणून आम्ही सितोपलादि चूर्ण मधातून दिले. पुढे अशक्तपणा वाटतो म्हणाले, तेव्हा च्यवनप्राश सुचविला. तीन महिन्यांनी शर्करा २०० च्या पुढे गेली. आम्ही तत्काळ निष्कर्ष काढला : पथ्य मोडले असणार. गृहस्थ शपथेवर नाही म्हणत होते. आम्ही प्रमेहघ्न औषधांची मात्रा वाढविली आणि वर चार शब्द सुनावलेही. शर्करा उतरली नाही.

उलगडा झाला तो औषधी दुकानातील सहायकामुळे. त्याने सहज विचारले, “डॉक्टरसाहेब, काका दर महिन्याला चूर्णाचे मोठे डबे नेतात. त्यांना साखर चालते का?” दालचिनी १, वेलदोडा २, पिंपळी ४, वंशलोचन ८ आणि खडीसाखर १६ भाग, हे प्रमाण आम्हांस विद्यार्थिदशेपासून पाठ होते. म्हणजे एकूण ३१ भागांत १६ भाग साखर! खोकला कधीच थांबला होता. तरी घशाला बरे वाटते म्हणून ते दिवसातून तीनदा मोठा चमचा चूर्ण, प्रत्येक वेळी मध आणि सकाळ-संध्याकाळ च्यवनप्राश घेत होते. एकेक वस्तू किरकोळ वाटावी. बेरीज किरकोळ नव्हती. चूर्ण कधी थांबवावे, हे आम्ही सांगितलेच नव्हते. पथ्य मोडले होते खरे. पण ते आमच्या लेखणीने.

चुकलो कोठे? ज्ञान कमी पडले नाही, विचार कमी पडला. चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या अकराव्या अध्यायात आप्तोपदेश, प्रत्यक्ष, अनुमान व युक्ती अशी चतुर्विध परीक्षा सांगितली आहे. पाणी, नांगरट, बी आणि ऋतू यांच्या संयोगाने पीक येते, हा युक्तीचा त्यांचा दृष्टांत आहे. अनेक कारणे एकत्र येऊन एक कार्य घडते, हे ओळखणारी बुद्धी म्हणजे युक्ती. आम्ही एकच कारण धरले, तेही रुग्णावर दोष टाकणारे. अनुमानालाच आम्ही प्रत्यक्ष समजलो.

त्याच स्थानाच्या अठराव्या अध्यायात आचार्य सांगतात की, एखाद्या रोगास नाव देता आले नाही तरी वैद्याने लाजू नये. या वचनातील दिलासा आपण लक्षात घेत नाही. नाव देण्याची घाई झाली की विचार तेथेच थांबतो; ‘अपथ्य’ हे असेच एक सोयीचे नाव आहे.

पुढे आम्ही एक पथ्य स्वतःलाच घालून घेतले. रुग्ण अपेक्षेप्रमाणे सुधारत नसेल, तर कागदाचे चार रकाने करतो : आम्ही स्वतः काय पाहिले, रुग्णाने काय सांगितले, आम्ही काय गृहीत धरले आणि काय विचारलेच नाही. बहुतेक वेळा घोळ तिसऱ्या किंवा चौथ्या रकान्यात सापडतो. मग एका वेळी एकच बदल करतो. त्या गृहस्थांची अन्य औषधे व आहार तसाच ठेवून केवळ चूर्ण, मध आणि अवलेह बंद केला. पुढील तपासणीत शर्करा उतरली. उपशय-अनुपशयाची कसोटी ती हीच. चार गोष्टी एकदम बदलल्या असत्या, तर गुण कशाने आला हे कळलेच नसते.

औषधी दुकानदार बंधूंनाही एक विनंती. अवलेह, शर्करायुक्त चूर्णे, आसव-अरिष्टे देताना “मधुमेह आहे का?” एवढे अवश्य विचारावे आणि शंका आल्यास वैद्यांस निःसंकोच कळवावे. वैद्यांनीही ते मानाचा प्रश्न करू नये. चरकसंहितेत विमानस्थानाच्या आठव्या अध्यायात तद्विद्यसंभाषेचे महत्त्व वर्णिले आहे. तेथील संधायसंभाषा म्हणजे सलोख्याची चर्चा. ती सभागृहातच व्हावी असे नाही, औषधाच्या गल्ल्यापाशीही होऊ शकते.

त्या गृहस्थांची आम्ही क्षमा मागितली. ते हसून म्हणाले, “डॉक्टर, मी तर पहिल्या दिवसापासून सांगत होतो.”

खरेच सांगत होते. आमच्या दुसऱ्या रकान्यात ते लिहिले गेले नव्हते, इतकेच.