थारचे टायर आणि शॉक बदलताना

महिंद्रा थारच्या १८ इंची चाकावरील २५५/६५ या टायरमध्ये २५५ ही मिलिमीटरमधील रुंदी असून ६५ हे त्या रुंदीशी टायरच्या बाजूच्या भिंतीच्या उंचीचे शेकडा प्रमाण असते. त्याऐवजी १७ इंची रिमवर २६५/७० टायर चढवल्यास ही भिंत सुमारे २० मिलिमीटरने वाढते आणि हवा कमी करून खडकावरून जाताना रिम अधिक सुरक्षित राहते. गाडी मात्र जेमतेम ७ मिलिमीटर उचलली जाते, त्यामुळे निव्वळ उंचीच्या हौसेसाठी हा खर्च वायाच म्हणायचा. स्प्रिंगची उसळी तेलाच्या रोधाने शमवणारा शॉक अ‍ॅब्सॉर्बर, उंच स्प्रिंग बसवूनही जुनाच ठेवला, तर चाक खड्ड्यात लोंबताच तो पुरता ताणला जाऊन आतल्या आत आपटतो.