पानगळीनंतरचं रान
(कृष्णधवल निसर्गचित्रण : लेखांक ६)

एप्रिलच्या सकाळी मोहर्लीच्या फाटकातून ताडोबात शिरणाऱ्या जिप्सीत बहुतेकांचे डोळे वाघ शोधत असतात. सागाची पानं गळून गेलेली, बांबू वाळलेला, पारा पंचेचाळिशीकडे सरकत चाललेला. ‘आता जंगलात वाघाशिवाय बघण्यासारखं उरलंय काय?’ असं वाटायला लावणारे हे दिवस. कृष्णधवल निसर्गचित्र काढणाऱ्याची सुगी मात्र याच दिवसांत येते.

मागच्या लेखांकात राखाडीच्या अकरा पायऱ्यांची, म्हणजे झोन सिस्टिमची ओळख झाली. अमेरिकेत अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स आणि फ्रेड आर्चर यांनी ती १९४०च्या सुमारास बसवली. शून्य पायरीवर ठार काळा, दहावीवर कागदाचा कोरा पांढरा आणि मधोमध पाचवीवर मध्यम राखाडी. ही शिडी रानात लावून पाहायला ताडोबातली दोन झाडं पुरतात : कुलू आणि ऐन.

कुलूची साल पांढरट, गुळगुळीत, कागदासारखे पापुद्रे सुटणारी. कोणी त्याला कांडोळ म्हणतं, कोणी भुत्या. चांदण्यात उभा निष्पर्ण कुलू ज्यानं पाहिला, त्याला हे दुसरं नाव समजावून सांगावं लागत नाही. ऐनाची साल नेमकी उलट : काळपट, जाड, मगरीच्या पाठीसारखी चौकोनी भेगांची. पावसाळ्यात दोघेही हिरवाईत हरवतात. उन्हाळ्यात पानांचा पडदा बाजूला होतो आणि एकाच चौकटीत काळा नि पांढरा शेजारी येऊन उभे राहतात.

इथे कॅमेरा फसतो. प्रकाशमापकाला झाड कळत नाही. समोरचं सगळं मध्यम राखाडी आहे, असं धरूनच तो चालतो. म्हणून चौकटभर कुलू घेतला तर तो मळकट उतरतो आणि चौकटभर ऐन घेतला तर फिकट, धुतल्यासारखा. कुलूच्या सालीवर माप घेऊन एक ते दोन स्टॉप प्रकाश वाढवला की ती सहाव्या-सातव्या पायरीवर बसते. उजळ दिसते, तरी पापुद्र्यांच्या कडा शाबूत राहतात. ऐनावर माप घेऊन दोन स्टॉप कमी केले की साल तिसऱ्या पायरीवर जाते. तिथे काळोखही असतो आणि भेगाही दिसतात.

दोघं एका चौकटीत असतील तर? डिजिटल कॅमेऱ्यात आधी कुलू सांभाळावा. उजेडानं जळालेल्या पांढऱ्यातून काहीच परत मिळत नाही. अंधारातून थोडंफार मिळतं.

आता पळस. फाल्गुनात डोळ्यांना पेटलेला दिसणारा हा वृक्ष कृष्णधवलमध्ये चक्क विझतो. त्याचा केशरी-लाल आणि मागच्या झाडाचा हिरवा, दोन्ही रंग राखाडीत जवळजवळ एकाच पायरीवर उतरतात. एकोणिसाव्या शतकातल्या काचेच्या प्लेटा तर मुख्यतः निळ्या उजेडालाच दाद देत. त्यांच्यावर असा पळस काळाच उमटला असता आणि आकाश कोरं पांढरं. सर्व रंगांना दाद देणारी पँक्रोमॅटिक फिल्म आल्यावर फिल्टरचा उपयोग खऱ्या अर्थानं सुरू झाला. फिल्टर स्वतःच्या रंगाला उजळ करतो आणि विरुद्ध रंगाला गडद. लाल फिल्टर लावला की पळसाची फुलं पांढरट होऊन निळ्या आकाशावर उठतात.

१० एप्रिल १९२७ रोजी योसेमिटीतल्या हाफ डोम या कड्यासमोर अ‍ॅडम्सनं हेच केलं. आधीची प्लेट पिवळ्या फिल्टरनं घेतली होती, पण कड्याचा जो दरारा मनात दाटला होता तो तिच्यात उतरणार नाही, हे त्याला उमगलं. पुढच्या प्लेटला त्यानं गडद लाल फिल्टर लावला. आकाश जवळपास काळं झालं आणि कडा पुढे आला. डोळ्यांना दिसलेलं आणि मनात उमटलेलं चित्र यांत निवड करता येते, हे त्याला त्या दिवशी कळलं.

आज हे काम संगणकावरही होतं, पण त्यासाठी चित्र रॉ स्वरूपात घ्यायला हवं, म्हणजे रंगांची माहिती शिल्लक राहते. निळा रंग फार खाली ओढला तर मात्र बारीक फांद्यांभोवती पांढरी कड उमटते. निष्पर्ण रानात तर अशा हजारो फांद्या असतात.

याच दिवसांत पहाटे गावोगावची माणसं मोहफुलं वेचायला रानात येतात. फुलं नीट दिसावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा जाळण्याची जुनी सवय काही ठिकाणी आहे. तिच्यातून वणवे पेटतात, म्हणून ती मोडायला हवी. धूर, धूळ आणि उष्मा मिळून दूरच्या चिमूरच्या टेकड्या धूसर होतात. लाल फिल्टर हा धूसरपणा कापतो, निळा तो वाढवतो. टेकडीवरचं झाड न् झाड हवं असेल तर पहिला वापरावा. जवळची रांग गडद, पुढची फिकी, त्यापुढची आणखी फिकी असे थर हवे असतील तर दुसरा.

ताडोबाच्या गाभा क्षेत्रात गाडीतून उतरता येत नाही, त्यामुळे तिकाटणं उपयोगी पडत नाही. वाळूची किंवा धान्याची छोटी पिशवी गाडीच्या कडेवर ठेवून तिच्यावर कॅमेरा टेकवावा आणि चालकाला इंजिन बंद करायला सांगावं. तळ्याकडे जाताना रस्त्याकडेला दगडी खांब दिसतात; ते गोंडराजांच्या काळातले असल्याचं सांगतात. एरवी सागाच्या सरळ खोडांत ते मिसळून जातात. सकाळच्या पहिल्या तासात ऊन बाजूनं आलं की दगडाचा खरखरीतपणा उठतो आणि खोडांपासून ते वेगळे होतात.

पावसाळ्यात हा सगळा हिशेब उलटतो. रान एकाच हिरव्या रंगाचं होतं, म्हणजे कृष्णधवलमध्ये एकाच राखाडीचं. पुढच्या लेखांकात गडचिरोली जिल्ह्यात जायचं आहे : २०१४ साली जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित झालेल्या आलापल्लीच्या ‘वनवैभवा’त. तिथल्या उंच सागांना एकमेकांपासून वेगळं कसं काढायचं, धुकं आणि ओली काळी खोडं त्यासाठी काय मदत करतात आणि हिरवा फिल्टर कधी बाहेर काढायचा, ते तिथे पाहू.